मासी महिन्यातली राख

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या सोसायटीतली बदामाची झाडं पानं टाकायला लागतात. झाडलोट करणाऱ्या मावशी ती कोपऱ्यात गोळा करतात आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून काडी लावून मोकळ्या होतात. मग तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर धुराविरुद्ध लढा सुरू होतो. खाली उतरून मावशींना दोन शब्द सांगायला कोणी जात नाही, ते वेगळं. मी खिडकी लावून घेत नाही. उलट चहा घेऊन तिथेच उभी राहते. सुक्या पानांचा धूर आधी गोडसर लागतो आणि मग घशात बसतो. तो एकदा घशात बसला की पुणं माझ्यापुरतं संपतं. मी कुंभकोणमला असते आणि मासी महिना चालू असतो.

मासी म्हणजे आपला माघ-फाल्गुन. तिकडचं सगळ्यात कोरडं, सगळ्यात पिवळं दिवसमान. सांबा भाताची कापणी आटोपलेली असते. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाकडून येणाऱ्या रस्त्यावर शेतकरी पेंढा पसरून ठेवतात आणि बसगाड्यांच्या चाकांकडून फुकटात मळणी करून घेतात. बसमध्ये बसलं की खिडकीतून तुसं उडत येतात, मानेवर खाज सुटते. धरणाचं पाणी बंद झालेलं असतं, त्यामुळे कावेरी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात. पहाटे दव इतकं पडतं की अंगणातली रांगोळी ओली होते आणि दहा वाजता ऊन असं लागतं की दव पडलं होतं यावर विश्वास बसू नये. मला हे दिवस एके काळी फार आवडायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक मासी अशी आली की तेव्हापासून आवडत नाहीत.

आम्ही तंजावरी मराठे. म्हणजे भोसल्यांच्या काळात जे दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले, त्यांच्यापैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. ती घरातली मराठी मी लग्नानंतर पुण्यात बोलले तेव्हा सासरची माणसं तोंडाला पदर लावून हसली होती. तुम्ही बखरीतून उठून आलात का, असं एका नणंदेनं विचारलं होतं. मी पुण्याची मराठी शिकले आणि आता कोणाला संशयही येत नाही. फक्त आईचं बोलणं आठवतं तेव्हा ते तिच्याच बोलीत आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

घर वैष्णवांचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज पूजा करून गोपीचंदन लावणार, सोवळ्यात जेवणार. सोवळ्याला आम्ही मडी म्हणतो. मडीचा कारभार इतका कडक की परसातल्या विहिरीच्या रहाटाला घरच्यांखेरीज कोणी हात लावायचा नाही. आणि या घराच्या रस्त्याच्या शेवटी, चिंचेच्या झाडाजवळ, मादा-कोविल. मादा म्हणजे मेरीमाता आणि कोविल म्हणजे देऊळ. चर्चला तिकडे सगळे कोविलच म्हणायचे, आम्हीही. कौलारू छप्पर, आत सागवानी तुळया, शेणखतासारखा रंग झालेले जुने बाक आणि एक घंटा. त्या घंटेवर अख्ख्या रस्त्याचं घड्याळ चालायचं. दुपारची घंटा झाली की आई चुलीवरून भात उतरवायची. अप्पांचं वेळापत्रक कुठल्या देवाच्या घंटेवर चाललंय, हा प्रश्न अप्पांनी कधी काढला नाही.

पिलोमी-अक्का या मादा-कोविलची. फिलोमिना तिचं नाव, पण ते रस्त्यावर कोणालाच जमत नव्हतं. विधवा होती, आमच्या घराला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. ब्लाउज शिवून पोट भरायची. तिच्या मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून यायचा आणि आईची फोडणी तिच्याकडे जायची. मादाच्या लाकडी मूर्तीला सणाला जरीची साडी नेसवत, ती साडी चुण्या घालून शिवण्याचं काम अक्काचं. बोटभर माप चुकलं तरी पुन्हा उसवायची. एकदा आई तिला तमिळमध्ये म्हणाली, "माझ्या ब्लाउजला एवढं बघत नाहीस." तर अक्का म्हणाली, "मादा तक्रार करत नाही. म्हणून तिचं नीट करावं लागतं."

तिचं आणखी एक काम होतं आणि ही गोष्ट त्याचीच आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी ख्रिस्ती लोक कोवळ्या झावळ्या हातात घेऊन मिरवणूक काढतात. त्या झावळीच्या पातीचा क्रूस विणून घरोघर वर्षभर जपतात, कोणी तसबिरीमागे, कोणी दारावर. वर्षभरात ती पात त्या घरातलं सगळं बघते. बाळंतपण, आजारपण, भांडण, सगळं. आणि पुढच्या वर्षी उपासाचा काळ सुरू व्हायच्या आधी त्या सुकलेल्या पाती गोळा करून जाळतात. त्यांची राख राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला लावतात. दुसरी राख चालत नाही. आपल्याच घरातली पात, आपल्याच कपाळावर. या पाती दारोदार जाऊन गोळा करायच्या, उन्हात कुरकुरीत वाळवायच्या आणि जाळायच्या, हे काम पिलोमी-अक्का करायची. तिची सासू करायची, म्हणून ती करायची.

एक पात ती आमच्याकडेही द्यायची, आईला, मैत्रीण म्हणून. आता वैष्णवांच्या घरात क्रूस ठेवायचा कुठे? देवघरात शक्यच नाही. भिंतीवर लावावा तर अप्पा दिवसातून चारदा तिथून जाणार. आईनं तो तांदळाच्या पिंपात ठेवला. कडुनिंबाचा पाला असतोच तांदळात, त्यात आणखी एक पान. पिंपात काय आहे ते अप्पांना चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक नसण्याची कला त्या पिढीच्या पुरुषांना फार सुंदर साधलेली होती. वर्ष सरलं की अक्का पात परत मागायला यायची, आई पिंपात हात घालून काढून द्यायची.

त्या मासीतही अक्का आली. हातात टोपली, टोपलीत अख्ख्या ख्रिस्ती वस्तीच्या पाती. आमचं घर नेहमी शेवटचं. पण नेमकं त्या दिवशी आजोबांचं श्राद्ध होतं. आई मडीत, ओलं लुगडं नेसून चुलीपुढे. तिनं आतूनच मला सांगितलं, "तिला सांग, मी मडींत आहें. आज शिवतां येत नाहीं. उद्यां ये म्हण." मी मागच्या दारात जाऊन तमिळमध्ये तेच सांगितलं. मला हात घालून पात काढता आली असती की, असं वाटेल. पण श्राद्धाचे तांदूळ त्याच पिंपातून निघत होते, मला तरी कुठे शिवायला मोकळीक होती. अक्का हसली. आमच्या मडीची तिला सवय होती. म्हणाली, "उद्या येते. हल्ली दव फार पडतंय गं, पाती पुन्हा दमट होतात. आज टोपली कोविलमध्येच ठेवते, आतल्या खोलीत."

दुपारी भटजी जेवून गेले. आमची पानं मांडली होती. तेव्हा घंटा वाजायला लागली, अवेळी, आणि थांबेचना. आई म्हणाली, "कोण गेलं कीं." कोणी मेलं की घंटा सावकाश वाजायची, ही तशी नव्हती. मग ती मध्येच बंद पडली आणि माणसांचे आवाज आले.

मी बाहेर आले तेव्हा कौलं फुटत होती. तापलेली कौलं फटाफट उडत होती आणि खाली उभ्या माणसांवर पडत होती. शेतांकडून वारा होता, मासीतला तो कोरडा वारा, ज्यात तुसं उडतात. सागवान जळताना किती मोठा आवाज करतं हे मला माहीत नव्हतं. लोक बादल्या घेऊन नदीकडे धावले आणि वाळू बघून परत आले. बंब यायला वेळ होता. रस्त्यात उभे राहून सगळे पाणी पाणी करत होते आणि पाणी होतं ते आमच्या परसात.

अप्पा पितरांचं करून बसलेले, अंगावर सोवळं, तोंडात अजून अन्नाचा घास. ते उठले आणि त्यांनी मागचं दार सताड उघडलं. रहाटाला हात लावताना दारातली माणसं थबकली, सवयीनं. अप्पा ओरडले, "कोणाची विहीर म्हणून काय बघालांत? काढा पाणी!" ते मराठीत ओरडले होते हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पण लोकांना कळलं. त्या दुपारी आमच्या रहाटाला किती हात लागले ते देव जाणे. विहिरीचा तळ दिसायला लागला. त्या विहिरीची शुद्धी नंतर कधीतरी करायची होती, ती राहूनच गेली.

काही उपयोग झाला नाही. तुळया कोसळल्या, त्यांच्याबरोबर घंटा खाली आली आणि फरशीवर पडून तडकली. संध्याकाळी चार काळ्या भिंती उरल्या, त्यांच्या मध्ये वरपर्यंत आभाळ. मादा लाकडाची होती. तिचं काहीच सापडलं नाही. जरीच्या साडीच्या काठाची एक गुठळी सापडली, ती कोणीतरी रुमालात बांधून घेतली. माणूस एकही दगावला नाही म्हणून बंबवाले समाधानानं बोलत होते.

बायका रस्त्यावर बसल्या, केस सोडले आणि छाती पिटत ओप्पारी सुरू केली. ओप्पारी म्हणजे मढ्यापुढे म्हणतात तो विलाप. तू मला चालायला शिकवलंस, तुझ्या अंगणात माझ्या गळ्यात लग्नाची ताळी बांधली, माझ्या लेकराला तुझ्या मातीत ठेवलं, आता मी कोणाच्या दारात जाऊ. मी पुष्कळ ओप्पाऱ्या ऐकल्या आहेत, त्यात उगाच सूर लावणाऱ्याही असतात. त्या संध्याकाळी तसं कोणी नव्हतं. लग्नं आणि बारशी आणि मौती, सगळं ज्या एका छपराखाली झालं, ते गेलं की माणसाला आपण कुठून आलो हे दाखवायला जागा राहत नाही. मला हे तेव्हा कळलं नाही. कुंभकोणमचं घर विकलं तेव्हा कळलं.

आमच्या रस्त्याची रीत अशी की कोणाकडे मौत झाली तर ती उचलेपर्यंत कोणी चूल पेटवायची नाही. त्या संध्याकाळी कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही, पण एकाही घरातून धूर निघाला नाही. आमच्याकडे श्राद्धामुळे रात्री जेवायचंच नव्हतं. पण शेजारचे सौराष्ट्री विणकर, पलीकडचे पिळ्ळै, समोरचे तांबोळी भाई, सगळे उपाशी झोपले. सकाळी चुली पेटल्या. मौत असती तर ती उचलली गेली असती. ही उचलता येत नव्हती, मग किती थांबणार?

आग कशानं लागली ते कधीच कळलं नाही. कोणी म्हणे वायर, कोणी म्हणे मादापुढचा दिवा. पण दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यापुढे उभं राहून कोणीतरी विचारलं, "सुक्या पाती आत कोणी ठेवल्या होत्या?" कोण बोललं तेही आता कोणाला आठवत नाही. वाक्य एकदाच बोललं गेलं. पुन्हा कोणी म्हणालं नाही, आणि तसं नसेल असंही कोणी म्हणालं नाही. पिलोमी-अक्का तिथेच उभी होती. ती वळली, घरी आली आणि तिनं दार लावून घेतलं.

मशीनचा आवाज बंद झाला. आईला तो भिंतीतून ऐकायची इतकी सवय की तिला भाजी चिरताना हात चालेना. मग आईच्या लक्षात आलं की तिकडून धूरही येत नाही. अख्ख्या रस्त्यानं चुली पेटवल्या, अक्कानं नाही. आई डबा घेऊन गेली तेव्हा ती पाण्यात भिजवलेले पोहे खात होती. घरात काडेपेटी नव्हती. काड्या तिनं हौदात टाकल्या होत्या. रात्री दिवासुद्धा लावत नव्हती. आई तिला काय म्हणाली मला माहीत नाही. आल्यावर मला म्हणाली, "विस्तवाला भ्याली ती. माझ्या हातून विस्तव लागला म्हणालीय." त्या दिवसापासून रोज सकाळी दहीभाताचा डबा अक्काकडे पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी दार वाजवायचे, दार बोटभर उघडायचं, डबा आत जायचा. अक्काचे डोळे मात्र दिसायचे.

मध्ये मासी मगम येऊन गेलं. त्या दिवशी कुंभकोणमच्या तळ्यावर गर्दी लोटते, देव स्नानाला निघतात, नादस्वरम आणि ढोल रस्त्यारस्त्यातून वाजत जातात. आमच्या रस्त्यात पालखी आली आणि जळक्या भिंती दिसताच ढोलवाल्यानं हात थांबवला. मौतीच्या घरावरून देव जाताना थांबवतात, तसा. पालखी मुकी पुढे गेली. चिंचेखाली बसलेली ख्रिस्ती माणसं उठून उभी राहिली.

आणि राखेचा बुधवार जवळ आला. फादर वयस्क होते, नागरकोविलकडचे. त्यांनी वस्तीला चिंचेखाली जमवलं. राख कुठली लावायची? पाती तर सगळ्या गेल्या. "राखेला काय तोटा?" असं एक तरुण कडवटपणे म्हणाला, आणि त्याचीच आई त्याच्यावर धावून गेली. त्या ढिगात मादा होती. तिला कपाळाला कसं लावायचं? फादर म्हणाले, गावातल्या मोठ्या कोविलमधून राख आणू. शहाणपणाचंच होतं ते. पण लोक खाली मान घालून बसले. दुसऱ्यांच्या घरच्या पाती, दुसऱ्यांची राख. एवढंही आपलं उरलं नाही, असं एक म्हातारा म्हणाला आणि उठून गेला.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मग ती उठली, पिंपाचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पात बाहेर काढली. पिवळी पडलेली, विणीत एकदोन तांदूळ अडकलेले. मडीमुळे राहिलेली. श्राद्धाच्या दिवसापासून ती तिथेच होती आणि आम्हां दोघींच्याही ध्यानात नव्हतं. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "नारायणा, तुज काय खेळ गमतो रे."

मला वाटलं, ती फादरकडे नेईल. ती काडेपेटी घेऊन अक्काकडे गेली. मी मागोमाग.

आईनं पात अक्काच्या पुढे जमिनीवर ठेवली. म्हणाली, "आमची राहिली होती. तू उद्या येते म्हणालीस, आलीच नाहीस." अक्का पातीकडे बघत राहिली. मग तिनं काडेपेटी पाहिली आणि ती भिंतीला जाऊन टेकली. "नको अम्मा. माझ्या हातात विस्तव देऊ नका. तुम्ही जाळा. फादरना जाळू दे."

"मला येत नाही," आई म्हणाली. "आमच्यात नाही जाळत. चुकलं तर?"

"माझ्या हातून सगळं कोविल गेलं."

आईनं तुझ्या हातून नाही गेलं, असं म्हटलं नाही. ते तिला तरी कुठे माहीत होतं. ती नुसती बसून राहिली, मांडी घालून, चुलीशेजारी. बाहेर कोणाची तरी पेंढ्याची गाडी गेली. शेवटी अक्का सरकत पुढे आली. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली. पात चुलीत धरली तेव्हा ती रडत होती, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसं. पात क्षणात संपली. अक्कानं चुलीत पाण्याचा तांब्या ओतायला उचलला, मग तिला आठवलं की राख ओली होईल, तेव्हा ठिणगी न् ठिणगी तिनं बोटांनी चिरडली. राख वाटीत भरली. चिमूटभर. मग तिनं पाणी ओतलं.

संध्याकाळी जळक्या भिंतींच्या मध्ये लोक उभे राहिले, वर आभाळ. आम्ही रस्त्यावर होतो. फादर दरवर्षी कपाळाला राख लावताना, तू मातीचा आहेस, असं प्रत्येकाला बजावत. त्या वर्षी ते बोलले नाहीत. नुसता अंगठा टेकवत होते, तोही हलकेच, पुरवून पुरवून. एका पातीची राख किती पुरणार? रांगेतल्या शेवटच्या माणसांच्या कपाळावर काही उमटलंच नाही.

आणि सगळ्यांच्या मागे, डोक्यावरून पदर ओढून, पिलोमी-अक्का आली. माणसं बाजूला झाली. तिला वाट देत होती की तिच्यापासून दूर होत होती, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. फादरनी वाटीत बोट फिरवलं. वाटी पुसलेली होती. त्यांनी अक्काकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. ठिणग्या चिरडलेली तिची बोटं काळी होती आणि टोकांना फोड आले होते. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिचंच बोट तिच्या कपाळाला लावलं.

पुढे कोविल पुन्हा उभं राहिलं, सिमेंटचं. घंटा नवी आली, तिचा आवाज आईला कधी आवडला नाही. पाती गोळा करायचं काम दुसऱ्या कोणीतरी घेतलं. नवं छप्पर झाल्यावर अक्का आत गेली नाही. जिवंत असेपर्यंत ती बाहेरच्या पायरीवर बसायची. तिला आत ये म्हणणारे होते. पण सुक्या पातींचं ते वाक्य मागे घेणारा कोणी शेवटपर्यंत निघाला नाही, आणि हे मी त्या वस्तीला माफ करू शकलेले नाही.

पण त्या बुधवारच्या दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखा दहीभाताचा डबा घेऊन निघाले. दव पडलं होतं. आई विहिरीपाशी उभी होती, घागर कमरेवर, आणि वर बघत होती. अक्काच्या कौलांतून धूर निघत होता. बारीक, तुटक, मध्येच थांबणारा. तो थांबला की आई श्वास धरायची. बराच वेळ आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. मग तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"राहूं दे," ती म्हणाली. "आज ती रांधालीय."